तळाला लागल्याला आवाज

दिवाळीचा फराळ डब्यात असतो तवाच आमच्या गुऱ्हाळाचं चुलवाण पेटतं, तसं ह्या वर्सीबी पेटलं, आन उकळत्या रसाचा वास सुटला. लोकांना त्यो वास लई आवडतो. इंदापूरच्या रस्त्यानं जाणारी मोटरसायकलवाली मुद्दाम थांबत्यात, नाक वर करत्यात, काकवी हाय का म्हणून इचारत्यात. मीबी पणदऱ्याची, उसातच वाढल्याली, लगीन हून वरकुट्याला आले तवा मला ह्यो वास म्हंजी जत्रंच्या आदल्या दिसावाणी वाटायचा. आता धुराची पयली रेघ उठली की मी जुई कुठं हाय ते बघते. पाच वर्साची हाय जुई. अंगणात असंल तर उचलून आत आणते, दार लावून घेते, आन ती हातानंच इचारती, का म्हणून. हातानं, कारण तिला सद्या बोलायची बंदी हाय. एक महिना. त्यातलं अकरा दिस झाल्यात. मी नववीपतूर शिकल्याली, लिवायची सवय न्हाय, पण ह्या घरात बोलायला आता कुणी ऱ्हायलं न्हाय म्हणून लिवते.

मामा म्हंजी माजे सासरे, त्ये गुळवे हायत. सासूबाई मी यायच्या आदीच गेल्याल्या. गुळव्याचं काम बघितलं न्हाय त्याला वाटतं रस उकळला की गूळ झाला. तसं नसतंय. कवा जाळ वाढवायचा, कवा मळी काढायची, आन कवा कायल म्हंजी रसाची थोरली कढई उतरवायची, ह्या शेवटच्यात समदं असतंय, वाईच उशीर झाला की दिसाची मेहनत गेली. दुसरे गुळवे थंड पाण्यात पाक सोडून बोटानं गोळी करून बघत्यात. मामाबी करत्यात, पण नुसतं खात्रीला. त्येच्या आदी त्ये ऐकत्यात. कायलीच्या कडंला उभं ऱ्हात्यात, मान कलती, डोळं मिटल्यालं. रस आदी खळखळतो, मंग खदखदतो, मंग जाड झाला की एकेक बुडबुडा फुटतो, चिखलातनं पाय वढून काढल्यावाणी. आन तळाला लागायला लागला तर करपल्याला वास यायच्या आदी आवाज बसतो म्हणत्यात. मी नवी नवरी असताना एकदा मला जवळ बोलवून सांगितलं व्हतं. "वरनं समदं झ्याक दिसतं, सूनबाई. उलट रंग जास्त येतो. गिऱ्हाईक म्हंतं काय लाल झालाय. पण खाली त्यो लागल्याला असतो."

मला तवा काय कळलं न्हवतं. मी कायलीकडं बघतच न्हवते, मी चरकापाशी उभं ऱ्हाऊन गाणाऱ्या माणसाकडं बघत व्हते.

ह्ये म्हंजी जुईचे पप्पा. ह्येंचं गाणं मी लग्नाच्या आदी ऐकल्यालं, आमच्या पणदऱ्यात गणपतीत. चार पोरांचा बँड, टेम्पोच्या हौद्यात उभं राह्यल्याली. आदी लोकांच्या आवडीची नाचायची गाणी झाली, आन मंग ह्येंनी गिटार गळ्यात घालून आपलं एक गाणं म्हणलं. बाया उठून गेल्या. माजं चुलतं म्हणालं, ह्येला पाणी पाजा कुणीतरी, नरडं वाळलंय. खरंच तसाच आवाज, पत्र्यावरनं खडी वढत न्यावी तसा. मी टेम्पोच्या चाकापाशी उभी व्हते. त्यो आवाज कानातनं न्हाय, टेम्पोच्या पत्र्यातनं माज्या हातात आला. मला वाटलं ह्ये माणूस रडत न्हाय, दुसऱ्या कुणाचं तरी रडणं आपल्या अंगावर घेतंय. पुढं दोन वर्सांनी त्याच माणसाचं स्थळ आलं. पोरगा काय करतो तर गुऱ्हाळ हाय म्हणलं, गाण्याचं कुणी सांगितलंच न्हाय, आन मीबी मला ठावं हाय असं दावलं न्हाय.

बारामतीला डिप्लोमाला व्हते तवा खोलीतल्या पोराची गिटार ह्येंच्या हाताला लागली. त्या पोराच्या मोबाईलात अमेरिकंतली जुनी गाणी व्हती, कापसाच्या रानात राबणाऱ्या काळ्या माणसांची. त्याला ब्ल्यूज म्हंत्यात. पुढं त्याच गाण्यांतनं रॉक निगालं, म्हणून मला समजावून सांगायचे, भांडी घासताना माज्याशेजारी बसून. गाण्याची एक वळ म्हणायची, तीच वळ परत म्हणायची, आन तिसऱ्या वळीला उत्तर द्यायचं. मी म्हणलं ह्ये तर आमच्या आजीच्या जात्यावरच्या गाण्यावाणी हाय. तर ह्ये माज्याकडं बघतच ऱ्हायले, म्हणाले तू नववीतनं कशाला शाळा सोडलीस. डिप्लोमा ह्येंनीबी सोडला. बँडचं नाव ठिवलं खोडवा. ऊस तोडला की त्याच बुडख्यातनं परत फुटतो त्यो खोडवा. शहरातल्या लोकांना नाव कळायचं न्हाय, आन गावातल्यांना गाणं.

चार-पाच वर्स असंच चाललं. दुकानाचं उद्घाटन, लग्नाची रिसेप्शनं, कॉलेजची गॅदरिंगं, काटेवाडीपासनं इंदापूरपतूर. लोकं जेवत असायची आन ह्ये गात असायचे. बाळूभावजी म्हंजी बँडातलं हलगीवालं, ड्रमबी त्येच वाजवायचं, त्ये म्हणायचं, आमचं गाणं जिलेबीबरुबर फुकट असतं वैनी. एकदा एका लग्नात मुलीच्या मामानं येऊन सांगितलं, ह्यो रडका कार्यक्रम बंद करा, पोरगी सासरी चालल्याली हाय, मढं न्हाय निगालं. ह्ये हसले. घरी आल्यावर त्याच्यावरच एक गाणं केलं. ह्येंचं लिवणं मला तोंडपाठ हाय, एक तर मी भाकऱ्या करताना म्हणायची.

कॅनॉल आटला, माज्या दारचा कॅनॉल आटला,
कॅनॉल आटला गं, माज्या दारचा कॅनॉल आटला,
पाणी गेलं पुढं, आन गाळात माजाच मुखडा भेटला.

ह्येच गाणं बारामतीच्या एका पोरानं आमच्या गुऱ्हाळात मोबाईलवर घेतलं, दुपारची येळ, मागं कायलीची वाफ, आन ह्ये बनियनवर, गळ्यात गिटार. कुठनं कुठं गेलं ते. पुण्यातनं फोन आला. मोठा कार्यक्रम, नुसती आपलीच गाणी म्हणायची, कुणी जेवत नसणार. बोलावणाऱ्यानं फोनवर सांगितलं, आवाज फक्त असाच पायजे, व्हिडीओतल्यासारखा. त्यो शब्द ह्येंनी धरून ठिवला. असाच पायजे.

आवाज असाच ऱ्हावा म्हणून ह्ये काय करत व्हते ते मला समदं ठावं व्हतं. तंबाखू तर व्हतीच. त्याच्यावर गुऱ्हाळात जाऊन धुरात उभं ऱ्हायचं, चरकाच्या इंजनाच्या वर आवाज काढायचा, घसा सोलून निगंपतूर. म्हणायचे, रस तापल्याबिगर गूळ व्हत न्हाय, गळ्याचंबी तसंच. आन मी त्येच्यावर इश्वास ठिवला. गुळाच्या घरात दुसरं काय पटंल माणसाला.

त्या हंगामात, दोन वर्सं झाली आता, आवाज लईच जाड झाला. बाळूभावजी खुश. म्हणाले आता शोभतो खरा गाणारा. रात्री झोपंत खोकला यायचा, सकाळी ऊठून बोलायला गेलं की आदी नुसतीच हवा. एक दिस मामा कायलीपाशी उभं व्हतं आन ह्ये चरकाजवळ म्हणत व्हते. मामांनी मान कलती केली. मला वाटलं कायल ऐकत्यात. पण कायलीत तवा नुसता कच्चा रस व्हता, ऐकण्यासारखं काय न्हवतं. वाईच येळानं माज्याकडं वळून म्हणालं, "सूनबाई, पोराचा आवाज तळाला लागलाय."

मी घरी जाऊन ह्येंना सांगितलं. ह्ये म्हणाले आबाला समद्यात गूळच दिसतो. बाळूभावजी मामांना म्हणाले, आबा, मंग ढेप कितीची निगंल सांगा, वखारीत आदीच सांगून ठिवतो. समदी हसली. मीबी हसले. मामा हसलं न्हाय, चिडलंबी न्हाय, पुन्ना बोललंच न्हाय त्यावर.

तरी मी ह्येंना इंदापूरला दवाखान्यात नेलं. डॉक्टरनी गोळ्या दिल्या, पंधरा दिस बोलू नका म्हणले, तंबाखू बंद, धूर बंद, आन महिन्यात बरं वाटलं न्हाय तर बारामतीला जाऊन कॅमेऱ्यानं घसा बघून घ्या. ह्ये पंधरा दिस गप ऱ्हायले, खरंच ऱ्हायले. आन सोळाव्या दिशी तोंड उघडलं तर आवाज बराच साफ. शाळंतल्या पोरानं प्रार्थना म्हणावी तसा. मला बरं वाटलं, मी देवापुढं साखर ठिवली. मागं वळून बघितलं तर ह्ये भितीला टेकून बसल्याले, तोंड पांढरं पडल्यालं. पुण्याच्या कार्यक्रमाला तीन आठवडं व्हते. म्हणाले, ह्यो आवाज घेऊन मी काय करू, ह्यो तर कुणाचाबी हाय.

आता जे लिवायचंय त्ये मी कुणाला सांगितल्यालं न्हाय.

दुसऱ्या दिशी ह्ये गुऱ्हाळात गेले, मी पाठोपाठ. मामा जेवायला घरी गेल्यालं, चुलवाणात जाळ घालणारा जळव्या झाडाखाली कलंडल्याला. ह्ये चुलवाणाच्या तोंडापाशी उभं ऱ्हायले, पण चिपाड वाळल्यालं व्हतं, भडकन पेटायचं, धूर व्हईना. ह्येंनी माज्याकडं बघितलं. वल्लं चिपाड चरकाच्या मागं पडल्यालं व्हतं, नुकतंच रस काढल्यालं. मी कवळा भरून आणला आन चुलवाणात टाकला. ह्येंनी टाकायला सांगितलं न्हवतं. मी आपल्या मनानं टाकला. मला पुण्याचा कार्यक्रम पायजे व्हता. मला बारामतीत दोन खोल्या पायजे व्हत्या, जुईला तिथली शाळा पायजे व्हती, मला टेम्पोच्या चाकापाशी ऐकल्याला आवाज पायजे व्हता. धूर निगाला, दाट, पिवळा, आन ह्ये त्यात उभं ऱ्हाऊन म्हणायला लागले, खोकायचे, परत म्हणायचे. मी आणखी टाकला. असं आठ-धा दिस. आवाज परत आला. पयल्यापरास लाल.

पुण्याला मी जुईला घेऊन गेले व्हते, तीन वर्साची व्हती. उभ्या जन्मात मी तेवढी माणसं एका जागी गप बसल्याली बघितली न्हाय. शेवटचं गाणं कॅनॉलचं. पयली वळ झाली, दुसरी वळ झाली, तिसऱ्या वळीला तोंड उघडलं आन आवाजच आला न्हाय. नुसती हवा, फाटक्या भात्यावाणी. ह्येंनी परत वढून बघितलं, मानंच्या शिरा फुगल्या, डोळ्यातनं पाणी आलं, आन लोकांना वाटलं ह्येच गाणं हाय. लोकं उभी ऱ्हायली. टाळ्या वाजवत व्हती, शिट्ट्या मारत व्हती, माज्या शेजारची बाई रडत व्हती. मीबी टाळ्या वाजवल्या. गाडीत बसल्यावर ह्ये टावेलात खोकले, टावेल घडी करून मांडीखाली ठिवला. मी वढून काढला. लाल व्हता.

पुढचं समदं दवाखान्याचं हाय. बारामतीला कॅमेरा, तुकडा काढून तपासायला, त्यात कॅन्सर निगाला, मंग पुण्याचं मोठं हॉस्पिटल. तितल्या डॉक्टरीणबाई चांगल्या व्हत्या, वहीवर चित्र काढून दावलं. स्वरयंत्र समदं काढाया लागंल, श्वास गळ्याला भोक पाडून तितनं, जीव वाचंल, आवाज न्हाय. चार महिने आदी आला असता तर कदाचित राखता आला असता. असं त्या माज्याकडं बघून म्हणाल्या न्हाईत, कागदाकडं बघून म्हणाल्या, पण मला वाटलं वल्ल्या चिपाडाचा वास त्येंना माज्या हाताला येतोय. कागदावर नातेवाईकाची सही मी केली. ह्ये दोन दिस सही करीनात. मला म्हणायचे, मी मेलो तर आवाज तरी मोबाईलात ऱ्हाईल, आन जगलो तर मीच माज्या आवाजाचा फोटो बघत बसायचं. मी जुईला त्येंच्या मांडीवर दिली आन बाहेर जाऊन उभी ऱ्हायले. मंग केली त्येंनी.

आपरेशनच्या सकाळी मला वाटलं व्हतं काहीतरी बोलतील. जपून ठिवावं असं. त्येंनाबी तसंच वाटत असणार, कारण लई येळ माजा हात धरून बसले व्हते, तोंड उघडायचे आन मिटायचे. तेवढ्यात न्यायला माणूस आला. स्ट्रेचर दारातनं जाताना मान वळवून म्हणाले, "अगं, चार्जर घरीच ऱ्हायला."

त्येच शेवटचं.

आता गळ्याला भोक हाय, त्यावर पांढरं जाळीचं फडकं बांधावं लागतं. खोकला आला तर आवाज तितनं येतो, तोंडातनं न्हाय. हॉस्पिटलात एक यंत्र दावलं व्हतं, गळ्याला लावून बोलायचं, त्यातनं डब्यात माशी अडकल्यावाणी आवाज आला, जुई भोकाड पसरून रडली, ह्येंनी यंत्र परत दिऊन टाकलं. घरात जुईची पाटी व्हती, ती मागून घेतली. काय पायजे ते पाटीवर लिवत्यात. चहा. गोळी संपली. आबाला बोलव. वर्सभर असंच. त्या पाटीवर मी एकच बोल हुडकत ऱ्हायले, तू टाकलास धूर, असा, आन त्यो कवाच आला न्हाय. आला असता तर बरं झालं असतं का, ते मला अजून ठरवता आलं न्हाय. गिटार खुटीला व्हती. बाळूभावजी आदी आठवड्याला यायचं, मंग महिन्याला, मंग फोनच करायचं, आन फोनवर ह्येंच्याशी काय बोलणार.

ह्या दिवाळीनंतर मातूर ह्येंच्यात बदल झाला. सकाळी दाढी करायचे. खुटीवरची गिटार गेल्याली दिसली. जुईला बालवाडीतनं आणलं की ह्ये तिला गुऱ्हाळात घेऊन जायचे, मी म्हणलं धुराजवळ नका जाऊ, डॉक्टरांनी सांगितलंय, तर हातानं दावायचे, लांब बसतो. मला वाईटातनं चांगलं वाटलं. त्यातच जुईचा घसा बसला. हवा बदललीय म्हणलं. हळद-दूध दिलं. आठ दिस झाले, पंधरा झाले, पोरगी जाडच बोलती. शेजारणी म्हणायच्या, अगदी बापावर गेलीय बघ. मी हळद वाढवली.

त्या दुपारी मी भाकऱ्या घेऊन निगाले, उसाच्या बांधानं, आन गुऱ्हाळ दिसायच्या आदी मला ह्येंचा आवाज आला.

खरं सांगते, मी पळाले. मला वाटलं काहीतरी झालं, देवानं ऐकलं, कधी कधी व्हतं म्हंत्यात असं. कॅनॉल आटला, माज्या दारचा कॅनॉल आटला. तीच खडी, त्योच पत्रा. टोपली डोक्यावरनं घसरली, भाकऱ्या बांधावर पडल्या, मी उचलल्याबी न्हाईत. शेडात शिरले तर ह्ये खांबाला टेकून गिटार वाजवत व्हते, आन जुई उलट्या डब्यावर उभी, कायलीची वाफ तोंडावर घेत, डोळं घट्ट मिटून, मानंच्या शिरा फुगवून ह्येंचं गाणं म्हणत व्हती. पाच वर्साच्या पोरीच्या तोंडातनं ह्येंचा आवाज. ह्येंच्या पायापाशी पाटी व्हती. तिच्यावर लिवल्यालं, अजून जोरात.

आन ह्येंचं तोंड. ते मी इसरू शकत न्हाय. वर्सभरात पयल्यांदा त्या तोंडावर माणूस परत आल्याला. पुण्यात लोकं उभी ऱ्हायली तवाबी असं न्हवतं.

मामा कायलीपाशी फावड्यानं पाक हलवत व्हतं, खाली मान घालून. मी जवळ जाऊन इचारलं किती दिस चाललंय ह्ये. म्हणालं, चुलवाण पेटल्यापासनं. तुमी बघत व्हता मामा? तुमाला कळतंय की. मामांनी फावडं थांबवलं न्हाय. "मागल्या बारीला सांगितलं व्हतं, सूनबाई. तुमी समदी हसला."

जुईची पयली वळ झाली व्हती, आता तीच वळ ती परत म्हणत व्हती, पोरीला बरुबर ठावं व्हतं दोनदा म्हणायची ते. मामांनी मान कलती केली. कायलीकडं न्हाय. मला हातानं दावलं, ऐक. आन मी ऐकलं. ह्येंच्या गाण्यातलं मला इतकी वर्सं जे ऐकू आलं न्हवतं ते त्या बारक्या गळ्यात साफ ऐकू आलं. वरनं रंग, आन खाली बसल्याला, वढून वढून लागत चालल्याला आवाज.

जाळ वढायचा लांब लोखंडी आकडा भितीला असतो. मी घेतला. अर्ध्यावर आल्याल्या कायलीखालचा जाळ कुणी वढत न्हाय, कारण पाक मधीच थंडावला की त्येचा गूळबी व्हत न्हाय आन काकवीबी धड न्हाय, चिकट लगदा व्हतो, जनावरंबी तोंड लावत न्हाईत. सकाळपासनं तोडल्याला, गाळल्याला ऊस त्यात व्हता. मी चुलवाणाच्या तोंडात आकडा घातला आन वढला. निखारं बाहेर, जळतं चिपाड बाहेर, माज्या पायावर ठिणग्या, मी वढतच ऱ्हायले. जळव्या वरडला, काय करताय वैनी. मामा त्याला म्हणालं, वढू दे.

गिटार थांबली. ह्ये उठून आले, माज्या हातातला आकडा धरला. तोंड हलत व्हतं, मोठ्यानं वरडत व्हते ह्ये मला कळत व्हतं, पण गळ्यावरचं फडकं नुसतं आतबाहेर व्हत व्हतं, फस् फस्. मी म्हणलं, "त्या वक्ताला मी धूर घातला. कुणी सांगितला न्हवता, मीच घातला. आता न्हाय घालायची."

त्येंनी आकडा सोडला. मला वाटलं ह्येंना ठावंच व्हतं, धुरात उभं ऱ्हाऊन माज्याकडं बघत व्हतेच की. पण ठावं असणं आन कुणी तोंडानं म्हणणं येगळं. कायलीतलं बुडबुडं एकेक करत थांबलं. एवढं शांत गुऱ्हाळ मी हंगामात कधी बघितलं न्हवतं. जुई डब्यावरनं म्हणाली, त्याच जाड आवाजात, पप्पा, तिसरी वळ ऱ्हायली. ह्येंनी खाली वाकून पाटी उचलली, तळव्यानं पुसली, आन कोरी पाटी तिच्या हातात दिली. ती पाटी उलटी करून बघत ऱ्हायली, पलीकडं काय लिवलंय का म्हणून.

बारामतीच्या डॉक्टरांनी तिच्या नाकातनं बारीक नळी घालून बघितलं. ती रडली न्हाय, मी रडले. म्हणाले वरडून वरडून स्वराच्या पट्ट्यांवर बारक्या गाठी आल्यात, लहान पोरांना येत्यात, साध्या असत्यात. मी तीन बारी इचारलं, साध्याच ना. म्हणाले साध्याच, पण महिनाभर बोलणं बंद, गाणं तर न्हाईच, आन महिन्यानं परत दावायला आणा. परत कशाला, साध्या हायत तर. खात्रीला, म्हणाले. मामा गोळी बघत्यात तसं. तवापासनं मी रोज तिच्या छातीला कान लावते झोपल्यावर, आन मला काय कळत न्हाय. मामांना म्हणलं तुमी ऐका की. तर म्हणालं, गप बसल्याल्या पोरीचं काय ऐकू.

ह्ये माज्यासाठी पाटीवर काय लिवत न्हाईत. चहा, गोळी, ते मामांना दावत्यात. जुईशी मातूर लिवत्यात, आन ती अजून अक्षरं जुळवाया शिकतीय, तिला एक शब्द वाचायला चहा थंड व्हईपतूर येळ लागतो, आन ह्ये थांबत्यात.

काल सकाळी, चुलवाण पेटायच्या आदी, मी शेडाच्या कुडामागनं बघितलं. आत जायचं धाडस झालं न्हाय. चुलवाणापासनं लांब, पाक वतायच्या मोकळ्या वाफ्याच्या कडंला दोघं बसल्याली. ह्ये गिटारीच्या लाकडावर नुसती बोटं वाजवत व्हते, तारंला हात न लावता, आन जुई मान डोलवत गाणं म्हणत व्हती, तोंड उघडत व्हती, मिटत व्हती, पयली वळ, परत तीच, आवाज अजिबात काढत न्हवती. ह्येंचेबी व्हट हलत व्हते. तिसरी वळबी झाली, मला व्हटांवरनं वाचता आली.

मामा कायल सोडून त्येंच्याकडं मान कलती करून उभं व्हतं. मी मागनं हळूच इचारलं, काय ऐकताय मामा.

"काय न्हाय," म्हणालं. आन मान तशीच कलती ठिवून म्हणालं, "काय न्हाय, ह्येच ऐकतोय."